उदाहरणाचं कोरं पान

आमच्या आजोबांना, लोलो मोहेनना, जाऊन शनिवारी वर्ष झालं आणि पालाब्रिकांच्या बायकांनी एकदाचे काळे कपडे उतरवले. थोरल्या मावशीनं, तिया पासितानं, सगळ्यांत शेवटी उतरवले, कारण थोरल्या मुलीचा शोक इतरांपेक्षा दोन तास तरी जास्त असायला हवा. जपमाळ संपली, पाद्री जेवून गेले, शेजारीपाजारी उरलेलं डुकराचं भाजलेलं मांस केळीच्या पानात बांधून गेले, आणि लांब टेबलाभोवती घरची तेवढी माणसं उरली. आमच्याकडे घरची माणसं उरली की एकच उद्योग चालतो. कुणाला तरी मधोमध बसवायचं आणि त्याचं भलं करायचं.

त्या दुपारी पाळी मारिफेची होती.

मारिफे, लोलोंच्या मधल्या मुलीची, एर्लिंडाची मुलगी, सदतीस वर्षांची. दिवसभर नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसायची आणि खिडकी लावली की इलोइलो शहराची जीपनी धरून संध्याकाळच्या लॉ कॉलेजला जायची. अशी सहा वर्षं. सगळे विषय सुटले होते, प्रबंध राहिला होता. तो सोमवारी दुपारी बाराच्या आत द्यायचा होता. दोनदा मुदत वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती आणि पदवीसाठी ठरवून दिलेली वर्षंही संपत आली होती. सोमवारी कागद गेला नाही तर सहा वर्षं पाण्यात. आणि मारिफेनं मार्चपासून एक ओळ लिहिलेली नव्हती. ती रोज लॅपटॉप उघडायची, पडद्यावरच्या कोऱ्या पानाकडे बघायची आणि बंद करायची. हाताला पुरळ उठलं होतं. झोप कधीच गेली होती.

घरात मात्र तिला पहिल्या वर्षापासूनच ‘ॲटर्नी’ म्हणत. परीक्षा, सनद वगैरे किरकोळ गोष्टींसाठी आमचे लोक थांबत नाहीत.

“ॲटर्नी, शेवग्याच्या पाल्याचं सूप घे,” तिची आई एर्लिंडा म्हणाली. “डोकं थंड राहतं.”

“डोकं थंडच आहे, नाय. गोठलंय,” मारिफे म्हणाली. आमच्याकडे आईला नाय म्हणतात.

“मग आल्याचं घे.”

“अभ्यासाला पहाटे बसायचं असतं,” तियो आमादो म्हणाले. हे पासिताचे यजमान. त्यांना कुणी कधी पहाट पाहताना पाहिलेलं नाही. “आणि मनात शंका आणायची नाही. मी कधी आणत नाही.”

“तुम्हाला आणायला परवानगी कुठाय, तियो,” मारिफे म्हणाली.

संतो हसला. संतो म्हणजे क्रिसांतो, पासिता आणि आमादोंचा एकुलता एक. वय अठ्ठावीस, मालवाहू जहाजावर तिसरा अधिकारी. नऊ महिने समुद्रात काढून दहा दिवसांपूर्वी आला होता. घरात त्याच्यापुढे कुणी आवाज चढवत नसे. पासितासुद्धा नाही.

पासितानं हाताच्या पंख्यानं वारा घेतला आणि घसा साफ केला. पासिताच्या मते घरातल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ एकच होतं, तिला न विचारणं. चर्चच्या महिला मंडळाची ती अठ्ठावीस वर्षं अध्यक्ष. मारिफेला लिहिता येत नाही हे कळल्यावर तिनं तीन गोष्टी केल्या होत्या. हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या संतापुढे मेणबत्ती लावली, मंडळाच्या सभेत नाव घेऊन सामूहिक प्रार्थना करवली, आणि मारिफेच्या उशीखाली लोलो मोहेनचं फाउंटन पेन ठेवलं. त्या पेनातली शाई गळून उशी निळी झाली होती. एवढं करूनही पोरगी लिहीत नाही, याला निव्वळ आडमुठेपणा म्हणतात, असं पासिताचं प्रामाणिक मत होतं.

“इंदाय, पोरी,” ती मारिफेला म्हणाली, “तुझा विषय तो जमिनीच्या हद्दीचाच ना? मग त्यात अडण्यासारखं काय आहे? हद्द इथून तिथपर्यंत, संपलं. तुझे लोलो हयात असते तर एका दुपारी सांगून लिहून घेतलं असतं त्यांनी.”

मारिफेनं चमचा खाली ठेवला. लोलोंनी सांगून लिहून घेणं हा विषय तिला त्या घटकेला नको होता.

आणि इथे एर्लिंडानं घोळ घातला. एर्लिंडाला मुलीचा अभिमान इतका, की तो कुठे ठेवावा हे तिला कळत नाही. सकाळी ती मुलीच्या पिशवीत उकडलेली अंडी ठेवायला गेली होती, तेव्हा छापलेली पानं तिच्या हाताला लागली. चाळीस पानं! ती मनात म्हणाली, पोरगी उगाच रडते, एवढं तर लिहून झालंय. आता मनांगनं, म्हणजे थोरल्या बहिणीनं, टोमणा मारल्यावर तिला राहवलं नाही. ती उठली, पिशवीतून गठ्ठा आणला आणि चष्मा लावून सगळ्यांसमोर पहिलं पान मोठ्यानं वाचलं.

“हे बघ, मनांग! ‘दुसरीच्या नावावर. मुलांच्या खोट्या जन्मनोंदी आणि माफीचा कायदा.’ लेखिका, मारिफे पालाब्रिका...”

पुढचं वाचता वाचता तिचा आवाज बसत गेला. मारिफेनं घरी सांगितलेल्या हद्दीचा त्यात शब्दही नव्हता. पासिताचा पंखा थांबला. तियो आमादो एकाएकी माशाचे काटे काढण्यात गढून गेले, ताटात मासा नसताना.

“मी सूप बघते,” मारिफे म्हणाली आणि मागच्या स्वयंपाकघरात गेली.

तिथे धाकटी मावशी तिया देलिया संध्याकाळच्या प्रार्थनेला येणाऱ्यांसाठी मोलो वळत होती. पिठाच्या पातळ चकतीवर सारण, दोन टोकं चिमटायची, वाफवायचं आणि ताटात ठेवायचं. देलिया सत्तेचाळीसची. गावातली सगळी लग्नं आणि बारशी तिच्या हातचं जेवतात. लग्न केलं नाही. आमच्याकडे एखादी लग्न करत नाही तेव्हा तिला स्वयंपाकघर देतात आणि त्याला तिची आवड म्हणतात.

“ऐकलं मी,” देलिया म्हणाली. “एर्लिंडाचा आवाज चर्चपर्यंत जातो.”

मारिफे ओट्याला टेकून उभी राहिली. चार महिने तोंडात धरून ठेवलेलं आता बाहेर पडणार हे तिला कळत होतं, आणि भीतीबरोबर थोडं हायसंही वाटत होतं.

“तिया, सुईण कार्मेन वारली ना. तिच्या मुलीनं तिच्या सगळ्या वह्या आमच्या ऑफिसात आणून दिल्या. मार्चमध्ये. मला वाटलं प्रबंधाला उपयोगी पडतील. गावात कुठलं मूल कुणाला झालं आणि नोंदलं कुणाच्या नावावर, ताडून बघता येईल.”

“मग?”

“एका पानावर तुझं नाव आहे. ‘देलिया, वय एकोणीस, मुलगा, साडेसहा पौंड.’ तारीख संतोच्या वाढदिवसाची.”

देलियाची बोटं थांबली नाहीत. “साडेसहा? मला सात आठवतात.”

“आणि नगरपालिकेतला फॉर्म माझ्या हातचा आहे.” मारिफे बोटानं ओट्यावरचं पीठ गोळा करू लागली. “मी नऊ वर्षांची होते. लोलो म्हणाले, घरात तुझं अक्षर सगळ्यांत चांगलं, बस इथे. आईचं नाव लिही, पासिता. मी लिहिलं. मला वाटलं तिया पासितालाच बाळ झालंय, शहरातल्या दवाखान्यात. मला बक्षीस म्हणून नारळाची वडी दिली त्यांनी. आता तिसऱ्या प्रकरणात एक पूर्ण उदाहरण द्यायचंय, नावं बदलून. दुसरं कुठलं घ्यायला गेले की तोच फॉर्म दिसतो. आणि हे लिहिलं तर तुझं गुपित फुटेल. म्हणून मी...”

“माझं गुपित?” देलियानं पहिल्यांदा मान वर केली. “चार महिने तू माझ्यासाठी गप्प बसलीस? मी सांगितलं होतं?”

“नाही, पण...”

“अंगाला पुरळ आणलंस, नोकरीवर जाऊन रडलीस, पदवी घालवायला निघालीस, आणि एकदा इथे येऊन मला विचारावंसं वाटलं नाही. तूही ह्यांच्यातलीच, हो. अस्सल पालाब्रिका. जिच्यावर बेतलं ती सोडून सगळ्यांची काळजी.” तिनं हात पुसले. “अगं, तुझ्या आईला माहीत आहे. आमादोला माहीत आहे. पाद्र्याला माहीत होतं, म्हणून तर बाप्तिस्मा दुसऱ्या गावात केला. बाप कोण, एवढंच कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना.”

“आणि संतोला?”

देलिया ताटातले मोलो नीट लावू लागली. अठ्ठावीस वर्षांत एवढ्या एका प्रश्नावर तिची जीभ अडत आली होती. “त्याला कशाला माहीत असेल,” ती म्हणाली. “चल, ताट धर. बाहेर ती आता फर्मान काढेल.”

फर्मान निघालंच होतं. पासितानं गठ्ठा स्वतःसमोर ओढून त्यावर पंखा ठेवला होता, पानं उडतील म्हणून नव्हे. तिला त्या क्षणी खरोखर भीती वाटत होती आणि भीती वाटली की ती चढ्या आवाजात बोलते. तिनं मूल चोरलं नव्हतं, वाढवलं होतं. गोवर आला तेव्हा अकरा दिवस उशाशी ती बसली होती, देलिया नव्हे. बसायला देलियाला परवानगीच नव्हती, एवढं मात्र तिला आठवेना.

“विषय बदल,” ती मारिफेला म्हणाली. “असले घाणेरडे विषय आपल्या घरातल्या मुलीनं हाताळायचे नाहीत. हद्दीवर लिही.”

“परवा द्यायचाय, तिया. दोन दिवसांत नवा प्रबंध?”

“मनात असलं की होतं. आणि ही कसली थेरं, शब्द सुचत नाहीत, ताण येतो! आमच्या वेळी ताण नव्हता. मुळात तुला अडायला काय झालंय तेच मला कळत नाही. नऊ वर्षांची होतीस तेव्हा दहा मिनिटांत सगळा फॉर्म लिहून मोकळी झाली होतीस, एक खाडाखोड नाही!”

बोलून झाल्यावर पासिताला कळलं. तिनं पंखा उचलला, उलटा धरला, परत ठेवला. एर्लिंडा देवाचं नाव घेऊन खाली बघू लागली. देलिया दारात ताट घेऊन उभी होती.

“कुठला फॉर्म, नाय?” संतोनं विचारलं.

“काही नाही. शाळेचा कसला तरी.”

“माझ्या जन्माचा ना?”

संतो खुर्चीत मागे टेकला. आपल्याला फार राग येईल असं त्याला नेहमी वाटायचं. अकरा वर्षं तो ह्या दुपारची वाट बघत होता, जहाजाच्या डेकवर उभं राहून वाक्यं जुळवत होता. आता बघतो तर समोर म्हातारी होत चाललेली चार माणसं, आणि ताटात गार झालेला भात. राग होता, पण त्याहून जास्त कंटाळा होता.

“मी सतरा वर्षांचा असताना जहाजाच्या शाळेनं रक्त तपासलं,” तो म्हणाला. “माझा गट एबी आला. नाय, तुम्ही दरवर्षी मंडळाच्या शिबिरात रक्त देता आणि वर्षभर सांगत फिरता, माझा ओ गट, सगळ्या जगाला चालतो. ओ गटाच्या आईला एबी मुलगा होत नाही. शाळेत तक्ता लावलेला होता भिंतीवर.”

“तक्ते चुकतात,” तियो आमादो म्हणाले.

“मीही तेच म्हटलं. म्हणून तीन वेळा तपासून घेतलं.”

“मग बोलला का नाहीस?” एर्लिंडाला रडू फुटलं होतं.

“तुम्ही सगळे इतक्या मन लावून सोंग करत होता, तिया. प्रत्येक वाढदिवसाला केक नायनं कापायचा, आणि तिया देलियानं फक्त केक करायचा, कापताना बाहेर यायचं नाही. मला वाटलं, कुणीतरी एक जण सांगेल. लोलो जाताना सांगतील. वर्षभर वाट बघितली. आज काळं उतरवताना तरी.” तो पासिताकडे वळला. “तुम्हाला मी आई म्हणतो आणि म्हणणार. त्याची भीती होती का एवढी?”

पासितानं पंखा छातीशी धरला. दया यावी अशीच ती दिसत होती, पण दुसऱ्याच क्षणी तिनं स्वतःला सावरलं.

“हे सगळं तुझ्या भल्यासाठी केलं. मारिफे, कायद्यात तसंच आहे ना? मुलाच्या भल्यासाठी केलं असेल तर माफी. हो की नाही? मग लिहायचंच असेल तर तसं लिही. कुटुंबानं एकमतानं, प्रार्थना करून, बाळाच्या हितासाठी...”

“शब्द लोलोंसारखेच सांगता येतात तुम्हाला,” मारिफे म्हणाली. तिनं लॅपटॉप उघडून ताटांच्या मधे ठेवला. “संतो, मी हे लिहिते आहे. नावं बदलून. तुझी हरकत?”

“लिही. नाव बदललं नाहीस तरी चालेल.”

“मी कुठल्याही कागदावर सही करणार नाही,” पासिता म्हणाली. “माफी मागायला मी गुन्हेगार नाही. मंडळात तोंड कसं दाखवू?”

“प्रबंधाला तुमची सही लागत नाही, तिया. ती माफीच्या अर्जाला लागते. तो प्रश्न संतोचा आणि तुमचा.” मारिफे दाराकडे वळली. हे विचारायला तिला चार महिने आणि एक अख्खी दुपार लागली होती. “तिया देलिया. मी लिहू का?”

देलियानं ताट टेबलावर ठेवलं. तिच्यासाठी कुणी खुर्ची सरकवली नाही, म्हणून तिनं स्वतः एक ओढली आणि बसली. आम्हाला आठवतं त्याप्रमाणे त्या टेबलाशी ती प्रथमच बसत होती.

“आत्तापर्यंत काय लिहिलंयस?” तिनं विचारलं.

मारिफेनं वाचलं. “‘अशा नोंदी बहुधा मुलाच्या हितासाठी आणि आईच्या संमतीनं केल्या जातात.’”

“खोडून टाक.”

“कुठलं?”

“संमतीचं. तिला शुद्ध यायच्या आत तिचे वडील कागद भरून आले होते. मनांग पासिताच्या मंडळाची निवडणूक पुढच्या आठवड्यात होती, आणि धाकटी बहीण असली निघाली म्हणजे कुठलं पद. ते लिहायचं तर लिही, नको तर नको. पण एवढं लिही, आईला कुणीही विचारलं नव्हतं.”

“देलिया!” पासिता ओरडली.

“मनांग, तुम्ही अठ्ठावीस वर्षं बोललात. आता मोलो खा, गार होताहेत.”

मारिफे लिहू लागली. पहिली ओळ खोडली, दुसरी राहिली. सुईणीची वही, फॉर्म, नऊ वर्षांची मुलगी, वडी, बाप्तिस्म्याचं दुसरं गाव. ती विचारी, देलिया सांगे, कधी चिडून, कधी तीच गोष्ट दोनदा. एर्लिंडा मधे मधे दुरुस्त्या सुचवू लागली तेव्हा तिला आल्याचं पाणी करायला आत पाठवलं. तियो आमादो उठून अंगणात गेले, पासिता मात्र हलली नाही. ती मान ताठ ठेवून ऐकत राहिली, आपलं नाव कुठे येतं का ते पाहत. तासाभरात चार पानं झाली. चार महिन्यांत मारिफेला चार शब्द जमले नव्हते.

संतो इतका वेळ देलियाच्या शेजारी बसून ऐकत होता. त्याला एकच गोष्ट हवी होती आणि ती कुणाच्या वहीत नव्हती.

“तिया,” तो म्हणाला, “मला देशील का असं तुला विचारलं असतं, तर काय सांगितलं असतंस?”

मारिफेचे हात थांबले. पासिताही पुढे वाकली. तिलाही हे कधी कळलं नव्हतं, कारण तिनंही कधी विचारलं नव्हतं.

देलियानं त्याच्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलून त्याला बरं वाटलं असतं, आणि तिलाही. ते तिनं केलं नाही.

“घेऊन जा, असंच सांगितलं असतं,” ती म्हणाली. “एकोणीस वर्षांची होते, घाबरले होते, तुझ्याकडे बघायचंही धाडस होत नव्हतं. मनांगला मूल हवं होतं. मी दिलं असतं तुला. पण मी दिलं असतं रे. यांनी घेतलं.”

संतोनं डोळे पुसले नाहीत. त्यानं हात लांब करून तिच्या नखांत पीठ राहिलेल्या बोटांवर ठेवला आणि मग मारिफेकडे वळला.

“हेही लिही,” तो म्हणाला.